डुलकी ठिपका झोप

आक्कांना स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नाही. इतरांबद्दल मात्र भरपूर यायच्या, आणि आलेली शंका पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. गाद्यांच्या कारखान्याची मालकीण म्हणून इतकी वर्षं त्या ज्या खुर्चीवर बसत, ती लाकडाची होती आणि तिच्यावर उशी नव्हती. बसणाऱ्याला आराम मिळाला की तो धंदा विसरतो, असं त्यांचं मत होतं. आरामाचाच धंदा करणाऱ्या बाईने असं मत बाळगावं, यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

धंद्याचं नाव 'डुलकी'. ते वडिलांनी ठेवलेलं. वडील गेले तेव्हा वाटणी झाली, आणि ती इतक्या गोडीगुलाबीने झाली की त्यानंतर कैक वर्षं बहीणभाऊ एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. गाद्या आणि उश्या आक्कांकडे आल्या, चादरी आणि पांघरुणं धाकट्या भावाकडे गेली. यंत्रं वाटली, गोदाम वाटलं, जिन्याखालची जुनी शिडीसुद्धा वाटली. एक नाव तेवढं वाटता येईना. तेव्हा आक्कांच्या वकीलसाहेबांनी तोड काढली. ट्रेडमार्कच्या कचेरीत वस्तूंचे वर्ग असतात. गादी एका वर्गात बसते, चादर दुसऱ्या. शाळेत एकाच नावाची दोन मुलं वेगवेगळ्या वर्गांत बसली तर मास्तरांची काही हरकत नसते, तशी कचेरीचीही नव्हती. त्यामुळे 'डुलकी' गादी खरी, 'डुलकी' चादरही खरी, दोघींचे कागद चोख, आणि दोघींचे मालक एकमेकांवर नाराज. कायद्याला यापेक्षा जास्त समाधान देता येत नाही.

पण इंटरनेटवर वर्ग नसतात. तिथे एका नावाला एकच धनी. आणि नेहमीच्या, जुन्या '.कॉम' शेपटाचं 'डुलकी' हे नाव भावंडांना जाग येण्याच्या आधीच कोणा तिसऱ्याने घेऊन ठेवलं होतं. त्याच्या पानावर झोपलेल्या मांजराचा एक फोटो होता. बाकी काही नाही. तो माणूस गाद्या विकत नव्हता, चादरी विकत नव्हता, मांजरंही विकत नव्हता. फक्त नाव विकायला बसला होता, आणि त्याचा आकडा ऐकून भल्याभल्यांची डुलकी उडाली असती. म्हणून आक्कांच्या कारखान्याचा पत्ता मधे तीन आडव्या रेघा असलेला, लांबलचक असा झाला होता. गिऱ्हाईक तो लिहायला सुरुवात करी, दुसऱ्या रेघेपर्यंत दमे आणि मांजराकडे जाई.

एरवी आक्कांनी मांजर खपवून घेतलं असतं. पण आता गाद्या घेणारी मोठी दुकानं एकामागून एक शटर ओढत होती. लोक घरबसल्या फोनवरून गादी मागवायला लागले होते. आक्कांनीही गुंडाळून खोक्यात बसेल अशी गादी तयार केली होती, आणि ती चांगली झाली होती. नुसती विकायची बाकी होती. ती थेट गिऱ्हाइकाला विकता आली नाही तर शिलाईची दुसरी पाळी बंद करावी लागणार होती. त्या पाळीतल्या बायकांना आक्कांनी तोंडावर सांगून टाकलं होतं, "नाव मिळू दे. नाव मिळालं की तुम्हाला मान वर करायला फुरसत होणार नाही." आक्का असं बोलल्या म्हणजे ते झाल्यासारखंच होतं. फक्त नाव मिळायचं होतं.

आणि नाव मिळायची वेळ आली होती. ठिपक्याच्या पुढचं जे शेपूट असतं, तशी नवी शेपटं बाजारात येत होती, आणि एका कंपनीने '.झोप' हे शेपूट चालवायला घेतलं होतं. म्हणजे आता जगात कोणीतरी एकजण 'डुलकी ठिपका झोप' होणार होता. छोटं, गोड, रेघांशिवाय. गादीचा विचार मनात आला की बोटं आपोआप तिकडेच वळावीत असं. ज्याच्या हाती हे नाव, त्याच्याकडे गिऱ्हाईक. उरलेल्याच्या वाट्याला रेघा.

या शेपटांची एक पद्धत असते. सगळ्या जगाला दार उघडण्याआधी ट्रेडमार्कवाल्यांना आत घेतात, म्हणजे कोणा ऐऱ्यागैऱ्याने दुसऱ्याचं नाव पळवू नये. या पहिल्या फेरीला त्या लोकांत 'सूर्योदय' म्हणतात. झोपेचा बाजार सूर्योदयाला उघडतो, हे शेपूटवाल्या कंपनीला कोणी सांगितलं नसावं. आक्कांनी पहिल्याच दिवशी अर्ज केला. धाकट्यानेही पहिल्याच दिवशी केला. दोघांचे ट्रेडमार्क खरे निघाले, आणि कंपनीने कळवलं की आपसात मिटवा, नाहीतर मध्यस्थ नेमू.

आक्का म्हणाल्या, मध्यस्थ नेमा.

त्यानंतर कंपनीतल्या एका तांत्रिक अधिकारी बाईंचा निरोप दोन्हीकडे आला. तो वाचून वकीलसाहेब जिने चढत वर आले, म्हणजे गोष्ट मोठी असणार. निरोप असा होता की 'डुलकी.झोप' हे नाव तूर्तास कोणालाच देता येत नाही, ते रोखून ठेवलं आहे. कारण हे शेपूट अस्तित्वात येण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून, रात्रंदिवस, ठिकठिकाणहून कोणीतरी इंटरनेटला विचारत आलं आहे, 'डुलकी.झोप कुठे आहे?' इंटरनेट दर वेळी सांगत होतं, असं काही नाही. तरी विचारणं चालूच. एकदा दोनदा नव्हे, लाखांनी. इतकं विचारलं जाणारं नाव उगाच कोणाला देऊन टाकणं धोक्याचं असतं, म्हणून आधी कारण कळू द्या, असं बाईंचं म्हणणं.

वकीलसाहेबांना कारण तिथेच कळलं होतं. "आक्का, याला आमच्या भाषेत कीर्ती म्हणतात," ते म्हणाले. शेपूट जन्माला येण्याआधीपासून लोक त्या शेपटासकट तुमच्या नावाने हाका मारतायत. एवढा पुरावा शीतपेयवाल्यांकडेसुद्धा नसतो.

आक्कांना याचं आश्चर्य वाटलं नाही. असं काहीतरी असणार हे त्यांना आतून वाटतच होतं. त्यांनी शिलाई खात्यात जाऊन बायकांना सांगितलं, आकडे लिहिणाऱ्याला सांगितलं, कापूस आणणाऱ्या टेम्पोवाल्यालाही गाडी रिकामी होईपर्यंत सांगितलं. लोक आपल्याला विचारतायत, हे कोणाला सांगावंसं वाटणार नाही? टेम्पोवाला म्हणाला की त्याला रस्त्यात अजून कोणी विचारलं नाही. आक्कांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

मात्र तोच निरोप धाकट्यालाही गेला होता, आणि त्याची वकीलबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनेही मध्यस्थाकडे लेखी दिलं की जग गेली कित्येक वर्षं डुलकीच्या चादरीसाठी तळमळत आहे. झालं. भांडण नावावरून सुरू झालं होतं, ते कीर्तीवर गेलं. कीर्ती एकच होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन.

मग शेपूट प्रत्यक्ष चालू झालं. रोखलेली नावं सोडून बाकीची धावू लागली. धाकट्याने 'चादर.झोप' घेतल्याची बातमी आली, तेव्हा आक्का म्हणाल्या, घेऊ दे, पोराला खेळायला काहीतरी हवं. पोर पन्नाशीला आलं होतं.

आणि त्याच सकाळी आक्कांच्या कारखान्यात ऑर्डरी येणं बंद झालं.

आधी विक्रीवर फिरणाऱ्यांचे फोन आले. ऑर्डर टाकली तर लॅपटॉप म्हणतो कारखाना सापडत नाही. मग हजेरीचं मशीन रुसलं. मग लेबलं छापणारा प्रिंटर मधेच थांबला, आणि बराच वेळ विचार करून एक लेबल छापून पुन्हा थांबला. कारखान्यात घबराट झाली नाही, कारण अशा वेळी काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. सगळं बंद करायचं, चहा प्यायचा, सगळं चालू करायचं, आणि जावईबापूंना काही कळू द्यायचं नाही.

ही पद्धत कशी पडली ते सांगायला हवं. कारखान्यातल्या तारा, मशिनं आणि त्यांची आपसातली बोलणी हे सगळं जावईबापूंनी बसवलं होतं, तेही लग्न ठरलं होतं पण झालं नव्हतं त्या नाजूक काळात. होणाऱ्या सासूवर छाप पाडायची म्हणून त्यांनी ते फुकट आणि फार हौसेने केलं होतं. आता जावयाने हौसेने केलेलं काम कोणी तपासत नाही. जावई हा दहावा ग्रह. त्याची शांत करायची, दुरुस्ती नाही. काही अडलं तर लोक निमूटपणे बंद-चालू करत, आणि जावईबापू जेवायला आले आणि त्यांनी चौकशी केली की एकमुखाने सांगत, "झक्कास चाललंय." इतकी वर्षं त्या माणसाच्या कानावर एक तक्रार गेली नाही. आपल्या हाताला यश आहे असं त्याला वाटत असल्यास त्यात त्याचा दोष नव्हता.

पण या खेपेला दोनदा चहा झाला तरी काही चालू होईना. तेव्हा आक्कांनी स्वतः जावयाला फोन लावला आणि आवाज शक्य तितका गोड ठेवून सांगितलं, सहज या.

जावईबापू आले, टेबलाखाली शिरले, आणि बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप उघडला, विक्रीवाल्यांना फोन करून काही विचारलं, पुन्हा टेबलाखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही नव्हती अशी कळा होती.

"आई," ते म्हणाले, "ते लोक आहेत ना, आपलं नाव विचारणारे..."

"हं."

"ते लोक नाहीत."

"मग कोण आहेत?"

"प्रिंटर आहे. आणि हजेरीचं मशीन. आणि आपल्या विक्रीवाल्यांचे लॅपटॉप."

जावईबापूंनी मग सगळं उलगडून सांगितलं. त्या वेळी, म्हणजे नाजूक काळात, त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येक मशिनाला नाव दिलं होतं. गाद्यांचा कारखाना, म्हणून प्रत्येक नावापुढे '.झोप' लावलं. असलं शेपूट जगात कुठेच नव्हतं, तेव्हा घरातल्या घरात काय हरकत? मुख्य मशिनाचं नाव ठेवलं 'डुलकी.झोप'. लेबलांचा प्रिंटर 'साखर.झोप'. हिशेबाचा जुना कॉम्प्युटर 'कुंभकर्ण.झोप'. घरात आपण एखाद्याला 'बाळ' म्हणतो तसं. पण मशिनांना घरातलं आणि बाहेरचं कळत नाही. घरातून उत्तर यायला जरा उशीर झाला, किंवा विक्रीवाला लॅपटॉप घेऊन परगावी गेला, की ती मशिनं रस्त्यावर उभी राहून 'बाळ, बाळ' अशी हाक मारत सुटत. इतकी वर्षं कोणी मागे वळून बघितलं नाही. आता मात्र समोरच्या घरात खरोखरचा बाळ राहायला येणार होता. म्हणून शेपूटवाल्या कंपनीने सुरुवातीच्या काळासाठी एक युक्ती केली होती. रोखलेलं नाव कोणी विचारलं की ते असा पत्ता सांगायचे, जो विचारणाऱ्याकडेच बोट दाखवतो. म्हणजे मशीन गोंधळून थांबावं आणि मालकाने काय बिघडलं ते बघावं.

"म्हणजे," आक्का सावकाश म्हणाल्या, "मी लोकांना विचारलं माझं नाव कोण घेतंय, आणि लोकांनी मला आरसा दाखवला."

"तसंच म्हणायचं, आई."

"आणि उद्या हे नाव माझ्या भावाला, बाळला, मिळालं तर?"

जावईबापूंनी लॅपटॉप मिटला. तर आपल्या माणसाने गादीची ऑर्डर टाकली की ती मामांच्या दारात जाऊन पडेल. हजेरीसुद्धा. आपल्या बायका कामाला आल्या का, हे आपल्याआधी मामांना कळेल.

दुसरा कोणी असता तर आक्कांनी त्याची गादी करून खोक्यात भरली असती. जावयाला त्यांनी एवढंच विचारलं, "चहा टाकू?" जावईबापू म्हणतात, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वकीलसाहेबांना कळवल्यावर ते म्हणाले की हे आपल्याला कळलंच नाही असं समजू. आपण खोटं कुठे बोलतोय? लाखो वेळा नाव विचारलं गेलं, हे खरं. कोणी विचारलं, हे आपल्याला कोणी विचारलेलं नाही. समोरची बाई काही तुमच्या प्रिंटरची उलटतपासणी घेणार नाही.

आक्का रात्रीऐवजी दुपारीच विचार करत, कारण रात्री त्या झोपत. जेवण झाल्यावर त्या प्रिंटरसमोर जाऊन बसल्या. आपलं नाव इतक्या निष्ठेने घेणारं आयुष्यात दुसरं कोणी त्यांना भेटलं नव्हतं, आणि जे भेटलं त्याला प्लग होता. थोडं वाईट वाटलं. कीर्ती अंगावर घातल्यावर ती उतरवणं अवघडच. पण कारखान्याचा एक रिवाज होता, वडिलांच्याही आधीचा असावा. गिऱ्हाइकाने सदोष गादी परत आणली की ती मागच्या खोलीत न्यायची नाही. त्याच्या समोर टेबलावर घ्यायची आणि मालकाने स्वतःच्या हाताने उसवायची. आतला कापूस त्याला दाखवायचा. गिऱ्हाइकाने उसवली तर तो दोष ठरतो. आपण उसवली तर भरवसा ठरतो. आक्कांनी अशा कितीतरी गाद्या उसवल्या होत्या, आणि उसवून झाल्यावर ते गिऱ्हाईक दुसरीकडे गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

शिवाय उसवता उसवता त्यांना आत आणखी काहीतरी दिसलं होतं. ते त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं नाही. वकिलांना सगळं सांगू नये, त्यांना मग वाटतं आपणच शोधलं.

मध्यस्थांची बैठक एका भाड्याच्या खोलीत होती. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, काचेची भिंत आणि कोणी बसलं की सुस्कारा सोडणाऱ्या खुर्च्या. मध्यस्थ हे निवृत्त न्यायाधीश होते, सडसडीत आणि सौम्य, प्रत्येक वाक्यानंतर 'बरं' म्हणणारे. कंपनीच्या तांत्रिक बाई भिंतीवरच्या पडद्यावर होत्या. धाकटा समोर बसला होता. जरा वाळलाय, असं आक्कांना वाटलं आणि लगेच त्यांनी ते वाटून घेणं थांबवलं.

धाकट्याच्या वकीलबाईंनी सुरुवात केली, आणि बोलल्या मात्र सुरेख. दूरदूरच्या शहरांतून, वेगवेगळ्या हवामानांतून, दिवसा आणि रात्री, माणसं एका नावाचा ध्यास घेऊन इंटरनेटचं दार ठोठावत होती. कोण होती ही माणसं? बाई म्हणाल्या, ही थंडीने कुडकुडणारी माणसं होती. त्यांना चादर हवी होती. मध्यस्थ म्हणाले, "बरं."

वकीलसाहेब उत्तरासाठी उठू लागले, तर आक्कांनी त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"साहेब," आक्का मध्यस्थांना म्हणाल्या, "ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. मी नावं सांगते, लिहून घ्या."

आणि त्यांनी एकेक नाव सांगितलं, कारखान्यातली जागा आणि कामासकट. साखर, लेबलं छापणारा. घोरणं, जिन्याजवळचं हजेरीचं मशीन. कुंभकर्ण, हिशेबाचा. वामकुक्षी, कॅमेऱ्यांचा. मध्यस्थांनी कुंभकर्णापर्यंत खरंच लिहून घेतलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. आक्कांनी कोणी विचारायची वाट न बघता सगळं सांगितलं, मशिनांची नावं कशी पडली, ती बाहेर कशी हाका मारत होती. कोणी नावं ठेवली, एवढं मात्र त्या 'आमच्या घरातल्याने' यापलीकडे बोलल्या नाहीत. पडद्यावरच्या बाईंनी तिथल्या तिथे पडताळून सांगितलं की होय, जुळतंय, बहुतेक विचारणा या कारखान्याच्या माणसांच्याच यंत्रांतून आलेली आहे.

वकीलबाई सावरल्या. म्हणजे अर्जदार बाईंना कीर्ती नाही, हे त्यांनीच कबूल केलं, असं त्या म्हणाल्या.

"मला नाही, तशी तुम्हालाही नाही," आक्का म्हणाल्या. "तुमची कुडकुडणारी माणसं म्हणजे माझा प्रिंटर. त्याला चादर लागत नाही. उलट त्याच्यावर काही घातलं तर तो तापतो."

धाकट्याचा खांदा हलला. मग दुसरा. मग तो वडिलांसारखा, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिला. त्याच्या वकीलबाईंनी त्याच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

मध्यस्थांनी पडद्यावरच्या बाईंना विचारलं, आता नावाचं काय? बाई म्हणाल्या, ही यंत्रं हाका मारायची थांबली की नाव मोकळं करता येईल. तोवर नाही.

"आणि समजा थांबलीच नाहीत?" आक्कांनी विचारलं.

तर नाव कोणालाच नाही. कितीही दिवस.

उसवलेल्या गादीच्या आत आक्कांना काय दिसलं होतं, ते आता सगळ्यांना दिसू लागलं: हाका थांबवणं एकट्या आक्कांच्या हातात होतं. सर्वांत शेवटी वकीलसाहेबांना दिसलं, आणि त्यांना तत्काळ वाटलं की हे आपणच शोधलं.

"आक्का," धाकटा म्हणाला, "हे बरं नव्हे."

"बाळ, मी काही केलेलंच नाही अजून."

"तेच म्हणतोय मी."

मध्यस्थ म्हणाले, "बरं. चहा घेऊ या." निवृत्त न्यायाधीशांना कधी थांबावं हे कळतं, चालू न्यायाधीशांबद्दल तसं सांगता येत नाही.

काचेच्या भिंतीपलीकडे बोळात कागदी पेले हातात घेऊन बहीणभाऊ उभे राहिले. वकील आतच थांबले, कारण त्यांना कोणी या म्हटलं नाही. आक्कांनी सरळ हिशेब मांडला. मशिनांची नावं आज ना उद्या बदलावी लागतीलच, नाहीतर ऑर्डरी बुडतात. पण ती मी बदलेन तेव्हा नाव मोकळं होईल, आणि मोकळं झालं की तू आणि मी पुन्हा इथेच, या सुस्कारे टाकणाऱ्या खुर्च्यांवर. तोवर मांजर धंदा करणार.

धाकट्याने पेल्यात बघत सांगितलं की त्याचंही काही फार बरं चाललेलं नाही. 'चादर.झोप' घेतलं खरं, पण त्या शेपटाचा ईमेल पत्ता अर्ध्या जगाला पटत नाही. बँकेच्या अर्जात लिहिला तर अर्ज म्हणतो, पत्ता चुकीचा आहे, नीट लिहा. विजेच्या बिलाचं तेच. एका कापड गिरणीने तर कळवलं की थट्टा करू नये. जुन्या सॉफ्टवेअरला नवी शेपटं माहीतच नसतात. 'डुलकी' हे नाव असतं तर निदान माणसांना तरी खरं वाटलं असतं, असं त्याचं म्हणणं. माणसांची खात्री पटली की यंत्रं मागून येतात.

"दुसरी पाळी बंद करावी लागेल मला," आक्का म्हणाल्या. त्यांनी हे आजवर कोणाला 'लागेल' अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. "शिलाईची. त्यातल्या दोघीजणी तुला कडेवर घेऊन हिंडल्यात."

धाकट्याने काचेतून आतल्या वकिलांकडे बघितलं.

"एकच पान ठेवू," तो म्हणाला. "दोन दारं. गादीवाल्याने इकडे जावं, चादरवाल्याने तिकडे."

"नाव कोणाच्या नावावर?"

"दोघांच्या. वडिलांनी ठेवलं ते कुठे एकाच्या नावावर ठेवलं होतं?"

आक्कांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. चहा वाईट होता आणि आता गारही झाला होता, पण त्यांना तो चालला.

आत गेल्यावर मध्यस्थांनी ऐकून घेतलं, बरं म्हटलं, आणि दोन्ही वकिलांना मसुदा करायला बसवलं. ते दुपारभर भांडले, पान कसं असावं यावरून. कोणाचं दार डावीकडे आणि कोणाचं उजवीकडे? लोक डावीकडून वाचतात, तेव्हा डावीकडचा पहिला, असं वकीलबाईंचं म्हणणं. वकीलसाहेबांचं म्हणणं, बोट उजव्या हाताचं असतं. शेवटी आक्का वैतागून म्हणाल्या, पान आडवं कापा. चादर वर, गादी खाली. अंथरुणात असतं तसं.

धाकट्याने चमकून बघितलं. वरची जागा बहिणीने अशी सुखासुखी सोडली, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"दिसते चादर," आक्का म्हणाल्या, "पण झोप गादीवरच लागते. लिहा, वकीलसाहेब."

मशिनांची नावं बदलली. ती या वेळी जावईबापूंनीच बदलली, पण शेजारी कारखान्यातला एक माणूस उभा करून, आणि त्याला आक्कांनी बजावून ठेवलं होतं की झक्कास हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जावईबापूंना त्या दोन दिवसांत वर्षानुवर्षांच्या तक्रारी एकदम ऐकायला मिळाल्या. ते थोडे खचले, पण काम प्रथमच नीट झालं. नंतर धाकट्याने आपल्या ईमेलसाठी त्यांनाच बोलावून नेलं. भाचजावई आहे, काय बोलणार, असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा आक्का म्हणाल्या, बोल, बोलायची सवय लाव, नाहीतर तुझ्याही कारखान्यात कुंभकर्ण उठेल.

हाका थांबल्या, नाव मोकळं झालं, पान उघडलं. सुरुवातीला दोन दिवस कोणी आलं नाही. आक्कांनी त्याची काळजी केली नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून करायची गरजही उरली नाही. दुसरी पाळी चालू राहिली. खोकी संपली तेव्हा खोकेवाल्याला त्यांनी असं बोलून घेतलं की आपली चूक काय हे त्याला अजून कळलेलं नाही.

फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. एकाच पानावर दोन्ही दिसल्यामुळे लोक दोन्ही मागवायला लागले. गादी आणि चादर, एकाच घरी, एकाच दिवशी. आणि मग तक्रारी येऊ लागल्या. पहिली आली तेव्हा आक्कांनी लोकांना अंथरायला येत नाही असं म्हटलं. पाचवी आल्यावर त्यांनी धाकट्याला फोन लावला.

"बाळ, तुझी चादर माझ्या गादीला चार बोटं कमी पडते."

"माझी चादर बरोबर आहे. तुझी गादी चार बोटं जाड आहे."

"वडिलांच्या वेळेपासून गादी एवढीच आहे."

"चादरही तेव्हापासून एवढीच आहे. तेव्हाही कमीच पडायची. आई कोपरे टाचण्यांनी अडकवायची, आठवतं?"

आक्कांना आठवलं. त्यांना तेही आठवलं की टाचण्या लावायचं काम आईने त्यांच्याकडे दिलं होतं, आणि एकदा आपण एक टाचणी मुद्दाम धाकट्याच्या बाजूला राहू दिली होती. ते त्या बोलल्या नाहीत.

"मोजपट्टी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "उद्या. जेवायलाच ये."

"तू गादी बारीक करणार आहेस का?"

"अजिबात नाही."

"मग मी येऊन काय करू?"

"तू चादर मोठी करायचीस," आक्का म्हणाल्या आणि, त्याचं उत्तर काय असणार याबद्दल त्यांना काहीच शंका नसल्यामुळे, फोन ठेवून खाली शिलाई खात्यात उद्याचं टेबल रिकामं करायला सांगायला गेल्या.